टक्

नेलिदा म्हणते, आधी ऐक.
पाना खाली ठेव आणि ऐक.
मी बटण दाबते. बंपरमागच्या काळ्या डब्यातून
टक्.
जीभ टाळूला लागून सुटावी, एवढंच.

बाहेर कोक्रानेच्या छपरांवर वारा पत्रे उचकटतोय,
चुलीत लेंगाचं ओलं लाकूड नुसतं धुमसतंय,
आणि पिकअपचा मालक आबेलिनो
बाकावर मातेची नळी चोखत
तिसऱ्यांदा तेच सांगतोय :
नदीच्या गाळातून गाडी वर आली,
मी बटण सोडलं,
दोर येतच राहिला.
आकडा बंपरवर आदळला तरी येतच राहिला.
शेवटी मी बॅटरीची तार उपटली. हे बघ, हात भाजला.

डब्यात चार सोलेनॉइड, दोन-दोन शेजारी,
चिखलाने माखलेले.
नेलिदा फरशीवर खडूने काढते :
ह्या बारीक तारेतून येतो तो फक्त निरोप.
आत वेटोळं, वेटोळ्यात लोखंडी दांडा.
निरोप पोचला की दांडा उसळतो,
तांब्याची चकती दोन जाड बोल्टांवर टेकवतो
आणि त्या पुलावरून बॅटरी आपलं सगळं घरदार घेऊन धावत सुटते.
तीनशे, चारशे अँपिअर.
त्यात तुझ्या अंगठ्याचं बळ कुठे आहे, शोध.

दोर ओढायला हे दोन. सोडायला ते दोन.
चारही एकदम कधीच नाही.
फील्डमध्ये करंट ह्या टोकाने शिरतो की त्या,
फरक तेवढाच.
आर्मेचरमधून मात्र तो एकाच वाटेने जातो,
ओढतानाही, सोडतानाही.
हे तिने दोनदा सांगितलं,
दुसऱ्यांदा माझ्याकडे न बघता.

तिसरा सोलेनॉइड तिने करवतीने कापला.
चकती बोल्टांना चिकटून बसलेली,
कडेला वितळलेल्या तांब्याचा थेंब,
थंड, गुळगुळीत.
वेटोळं शाबूत होतं. निरोप थांबला होता.
चकतीलाच सुटता आलं नव्हतं.

ती चकती तिने डाव्या हाताच्या तीन बोटांत धरून
आबेलिनोपुढे केली.
उरलेल्या दोन बोटांबद्दल ह्या गॅरेजात कुणी बोलत नाही.

तेव्हाही, आबेलिनो म्हणाला,
(माते थंड झालं होतं, नळी तोंडातच)
तेव्हाही मी सोडलं होतं बटण.
सतरा वर्षं
रात्री अंगठा उचलून बघतो,
उचलला होता की नाही.

माहीत आहे, नेलिदा म्हणाली.
दवाखान्यातून आल्यावर त्या ट्रकचा डबा मीच उघडला होता.
असंच चिकटलं होतं.

मग सांगितलं का नाहीस?

तू विचारलं नाहीस.
आणि मला राग हवा होता थोडे दिवस.
मग राहूनच गेलं.

पत्र्यावर वारा.
मला कुठे बघावं कळेना, म्हणून मी वायरी बघितल्या.
नवा सोलेनॉइड बसवला, नट कसले,
फार नाही, बोल्ट पिळला तर आतून मोडतो.
बॅटरी आणि डब्याच्या मध्ये
लाल कट-ऑफ, हाताला पटकन लागेल असा.
बटण दाबलं.
काही नाही. टक्सुद्धा नाही.
अर्थिंग, नेलिदा म्हणाली, मान वर न करता.
ती काळी बारीक तार मी विसरले होते,
जिच्यावाचून निरोपाला परतायला वाट नसते.
चासीचा गंज खरवडला, चकाकतं लोखंड लागेपर्यंत,
आणि ती तिथे घट्ट बांधली.

तू दाब, ती त्याला म्हणाली.
मी? तो म्हणाला.
तू.

टक्.
दोर अंगणातल्या खुंटाकडून ताठ होत आला,
पिकअप हातभर पुढे सरकला.
सोड.
टक्.
सगळं जागच्या जागी थांबलं.

आबेलिनोचा अंगठा
बराच वेळ बटणापासून वर, हवेत होता.
त्याने तो उलटसुलट करून पाहिला,
मग खिशात घातला
आणि पैसे किती, असं विचारलं.